जनरल थॅक्स्टरची कोठारातली शाळा

कॉर्विन क्रीक, ओहायो
९ सप्टेंबर १८९९

प्रिय केझाया,

तुझं कॅन्ससहून आलेलं पत्र मंगळवारी मिळालं. समारंभाला येतेस हे वाचून बरं वाटलं. सोबत पाठवलेलं भाषण मी चारदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचून झाल्यावर ते पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं, कारण ते टेबलावर पडलेलं मला बघवेना.

नवी शाळा जवळजवळ पूर्ण झाली आहे. लाल विटांची, दोन मजली. दारावर बाबांचं नाव कोरलंय, 'जनरल ओबेडाया थॅक्स्टर विद्यालय'. बाबांना ते आवडलं नसतं. शेतात बटाटे लावतात म्हणून ज्या गावानं त्यांना इतकी वर्षं 'बटाट्यांचा जनरल' म्हणून हिणवलं, तेच गाव आता त्यांच्या नावानं पाहुण्यांना बोलावतंय. यादवी युद्धात टेनेसीतल्या त्या नदीच्या उतारावर त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोर्चा धरून ठेवला, दोन बोटं घालवली, आणि वर्तमानपत्रांत नाव आलं ते दुसऱ्याच सेनापतीचं. त्याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. 'माझ्या बायकोला ठाऊक आहे, पुरे,' म्हणायचे. आई तेव्हा वारून दोन वर्षं झाली होती.

पासष्टच्या जूनमध्ये ते घरी आले तो दिवस तुला आठवतो का? मला वाटलं होतं, घोड्यावरून येतील. आले ते सामानाच्या खटाऱ्यातून, आणि शेजारी गुलामीतून नुकतीच सुटलेली तुझी आई डोर्कस, तिच्या मांडीवर डोकं ठेवून नऊ वर्षांची तू. तुझ्या वडिलांनी बाबांच्या पलटणीसाठी खंदक खणले, आणि त्यातल्याच एका खंदकात तापानं गेले. तुम्हा दोघींना सांभाळीन असा बाबांनी त्यांना शब्द दिला होता. दारात उतरताच बाबा मला म्हणाले, 'लुसी, ही केझाया. हिला वाचायला शिकायचंय. बाकीचं नंतर बोलू.' चार वर्षांनी बाप भेटत होता आणि पहिलं वाक्य तुझ्याबद्दलचं होतं.

हे मी उगाच लिहीत नाहीये. तू फार लवकर शिकलीस. जेवणानंतर बाबा तुला वाचायला बसवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. पुढच्या वर्षी मला गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून घेतलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिला दिवस कसा गेला हे त्यांनी मला विचारलं नाही. माझ्या वर्गात बसलेल्या तुला विचारलं. मी ताटं आवरत होते.

पुढचं तुझ्या भाषणात आहे. शाळेच्या मंडळानं तुला काढलं, मंडळाचे प्रमुख कॅप्टन सायलस ब्रॅनम यांनी दार बंद केलं, मी रडत रडत तुला घरी पाठवलं, आणि जनरलनी दुसऱ्याच आठवड्यात आपलं धान्याचं कोठार रिकामं करून तिथं शाळा मांडली. कोठाराबद्दल तू फार सुंदर लिहिलंयस. बाबांना शिकवता येत नव्हतं हे मात्र तू लपवलंस. सगळी गणितं शिध्याचीच. 'चारशे माणसं, तीन दिवस, माणशी दोन पाव, आणि एक खेचर नदीत पडलं, तर किती उरले?' तू विचारायचीस, 'खेचरावर किती होते ते सांगा ना.' ते म्हणायचे, 'ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं.' मग कालव्यावरच्या आयरिश मजुरांची पोरं आली, मग वीटभट्टीवरची. अकरा वर्षं चाललं ते. आजचं विद्यालय त्यातूनच उभं राहिलं असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. त्यातून चांगलंच झालं, असं म्हणत मीही पुष्कळ वर्षं काढली.

पण बाबांची आणि ब्रॅनमची दोस्ती त्यात गेली. जखमी बाबांना पाठीवर घेऊन दीड मैल चालले होते ते ब्रॅनम. बाबा त्यांच्या दुकानात गेले आणि चार माणसांदेखत विचारलं, 'सायलस, दहा वर्षांच्या पोरीची भीती वाटली तुला?' ब्रॅनम म्हणाले, 'आम्ही असा काही ठराव केलेला नाही.' बाबा म्हणाले, 'माझी मुलगी खोटं बोलते म्हणतोस?' ब्रॅनम मानी माणूस. ते लालबुंद झाले आणि म्हणाले, 'नव्हता केला. आता करतो.' आणि पुढच्या सोमवारी खरंच केला. त्यानंतर बावीस वर्षं ते दोघं एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसले. ब्रॅनम गेले तेव्हा बाबा अंत्ययात्रेला गेले नाहीत, कुंपणाशी टोपी काढून उभे राहिले फक्त. तीन वर्षांनी तेही गेले.

काल मी ब्रॅनमांच्या बायकोकडे, अल्मायराकडे गेले होते. ऐंशी वर्षांची आहे, सफरचंदं चिरत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातली फोड टोपलीत टाकली. मग म्हणाली, 'मरेपर्यंत एकच घोकत होता माझा नवरा, की आधी मी ठराव केलाच नव्हता, ओबेडायाला कुणीतरी सांगा. मला वाटायचं, म्हातारा स्वतःचीच समजूत घालतोय.' मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, 'मला काय सांगतेस? मी कुठं शाळेबाहेर उभी होते? जिला काढलंस तिला सांग.'

म्हणून हे पत्र. केझाया, त्या दिवशी मंडळाचा कसलाही हुकूम नव्हता. गिरणीवाल्याची बायको चर्चच्या दारात एवढंच म्हणाली होती, 'जनरलची लेक आता आमच्या मुलांशेजारी कुणाकुणाला बसवणार बाई?' चार बायका हसल्या. एवढंच झालं होतं. मला त्या बायकांत बसायचं होतं, आणि घरी जेवणानंतर एकदा तरी बाबांसमोर मला बसायचं होतं. मी तुला बाकावरून उठवलं आणि मंडळाचं नाव सांगितलं. मी रडले हे खरं आहे. तू काहीच न विचारता पाटी उचललीस म्हणून रडले. बाबांनी दुकानातून आल्यावर मला एकदाच विचारलं, 'लुसी, नक्की ना?' मी 'हो' म्हणाले.

तू शनिवारी येशील. माझ्याकडे उतरावंसं वाटलं नाही, तर अल्मायरानं तिची पुढची खोली तुझ्यासाठी झाडून घेतली आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. भाषण तसंच राहू दे, फार चांगलं उतरलंय. फक्त जिथं जिथं ब्रॅनमचं नाव आहे तिथं ते खोड, आणि माझं लिही. सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाच.

तुझीच,
लुसिंडा