खडीवरच्या बाईचं नाव

६ मार्च १९७३, मंगळवार

काम मिळालं! आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "लंकेचा माणूस? मग तू कोण, हनुमान का?" हसले नाहीत. मीही नाही.

माणसाचं नाव जयवीर. सिलोनचा. पन्नाशी उलटलेली, पायात कॅनव्हासचे बूट, हातात लहानसा टाइपरायटर. कुठल्याच पेपरचा नोकर नाही — जाईल तिथलं लिहायचं आणि जो छापेल त्याला द्यायचं. व्हिएतनामात सायगावची लढाई पाहिली, ढाक्याला निर्वासितांत राहिला, आसामात हत्ती धरणाऱ्यांबरोबर हिंडला. एकदा काहीच खपेना तेव्हा सिंगापूरच्या मासळीच्या कालवणावर लिहिलं म्हणे! आता आमचा दुष्काळ. त्याला मराठी येत नाही, मला इंग्रजी येतं, म्हणून मी दुभाष्या. प्रोफेसरच्या अंगावर डस्टर भिरकावून कॉलेज सोडलं, तरी दीड वर्षाचं इंग्रजी काही कोणी काढून घेतलं नाही.

काम नीट केलंस तर पुढं ढाक्याला नेईन म्हणाला. ढाका! मग विचारावं विष्णुपंत मास्तरांनी, "काय रे गोरक्ष, हल्ली काय करतोस?"

७ मार्च

इंदू दिसली. विष्णुपंत मास्तरांची मुलगी. कोल्हारच्या पुढं माळावर दुष्काळी काम चाललंय, तिथं खडी फोडणाऱ्या बायकांच्या लेकरांना ती सुकडीचा सरकारी खाऊ वाटते. मी एसटीतून उतरलो, खांद्याला साहेबाचा कॅमेरा. मुद्दाम सावकाश चाललो. जवळ आल्यावर म्हणाली, "पट्ट्याला पीळ पडलाय."

एवढंच. पण दिवसभर पुरलं.

८ मार्च

बायका लई तिखट! "लंकेचा हाय व्हय ह्यो? मंग कुनाला पळवाया आलाय?" एकीनं शेजारच्या जाडजूड बाईकडं बोट दाखवलं, "दगडाबाईला न्हे म्हनावं!" दुसरी लगेच, "तिला न्हेलं तर रावनाचं इमान खाली यील!" साहेबाला इंग्रजीत सांगितलं. तो पोट धरून हसला. "सांग त्यांना, मी एसटीनं आलोय."

मग भीमाबाई. टोकाला एकटी खडी फोडत बसलेली. तिशीची असेल. नाव सांगितलं. मग विचारलं, "नवऱ्याचं?" हातोडी थांबली. मान खाली. पुन्हा विचारलं, तरी गप्प. हात उघडे, बांगडी नाही. कपाळही मोकळं. साहेब पेन्सिल धरून ताटकळलेला, आणि तिकडून इंदू बघतेय! मी इंग्रजीत सांगून टाकलं — विधवा आहे, नवरा या दुष्काळात गेला.

दुष्काळातलं का म्हणालो, कोण जाणे. जुळलं म्हणून म्हणालो.

साहेबानं तिच्या हातांचा फोटो काढला. संध्याकाळी लेखाचं पहिलंच वाक्य तिच्यावर. वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

१० मार्च

लेख गेला. नगरहून विमानाच्या टपालानं थेट हाँगकाँगच्या मासिकाला. माझ्या हातानं पोचती केली ती पाकिटं!

१२ मार्च, सोमवार

फुशारकीनं इंदूला सांगायला गेलो आणि थोबाडीत बसली — हातानं नाही, तोंडानं.

"भीमाबाई विधवा? कोणी सांगितलं?"

"नवऱ्याचं नाव विचारलं तर गप्प बसली."

"अरे, कोणती बाई घेते नवऱ्याचं नाव? तुझी आई घेते?"

म्हटलं, बांगड्या नव्हत्या. तर म्हणाली, "खडी फोडताना काचेच्या बांगड्या टिकतात? सगळ्याजणी काढून ठेवतात. दुसऱ्या कोणाचे हात बघितलेस? घामानं कुंकूही पुसलं जातं. तिचा नवरा मुंबईला गोदीत आहे. धडधाकट माणूस मारलास तू!"

मीही भडकलो. "हाँगकाँगला कोण ओळखतं तिला?"

"ती ओळखते ना स्वतःला," म्हणाली आणि घमेलं उचलून चालती झाली.

आई आण्णांना हाक मारते ती 'गोरक्षचे आण्णा' म्हणून. एकवीस वर्षं ऐकतोय! आणि नेमकं तिथंच डोकं चाललं नाही.

१३ मार्च

साहेबाला खरं सांगितलं तर ढाका गेलं. नाही सांगितलं तर इंदू तोंड बघणार नाही. हेच घोळवत दुपारपर्यंत बसलो. मग लक्षात आलं, यात भीमाबाई कुठंच नाही. लाज वाटली.

१४ मार्च

सांगितलं.

साहेब ओरडला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "ती गप्प बसली, तेच तिचं उत्तर होतं. ते मला का नाही दिलंस?" आणि चष्मा चढवत — "ढाक्याला मी एकटा जाईन."

"जा!" म्हटलं. "तुझं ढाका तुलाच लखलाभ!" दार आपटून निघालो. प्रवरेच्या पुलावर जाऊन बसलो. खाली पाणी कसलं, नुसते गोटे. कोणावर चिडलोय तेच कळेना. साहेबाच्या खोलीवर परत आलो तर माझ्या वाटची भाकरी झाकून ठेवलेली. त्याच्या ताटात ठेचा, डोळ्यांतून धारा — तिखटानं, पण खातोय.

"अजून छापलेलं नाही," म्हणाला. "उद्या नगरहून तार करू. काय लिहायचं ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. तिला विचारून ये."

१५ मार्च, गुरुवार

इंदू बरोबर आली. भीमाबाईला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वाटलं, आता दगड घालते डोक्यात. ती हातोडी खाली ठेवून म्हणाली, "मुंबैत त्यानं दुसरी केलीया. चार वरसं झाली. कुकू म्याच लावत न्हाई."

इंदूला हे ठाऊक नव्हतं. ती भीमाबाईशेजारी खडीवर बसली.

"मग तारेत काय लिहू, भीमाबाई?"

"विधवा नगं. त्याचं नाव बी नगं. भीमाबाई कानिफनाथ — बापाचं हाय. लिवा."

एवढ्या मोठ्यानं म्हणाली की साऱ्या खडीवरच्या हातोड्या थांबल्या.