सुताखालून

तीर्थरूप आबा,

वर ‘कैलासवासी’ लिहायला हात होईना, म्हणून नेहमीचंच लिहिलं. दिवाळीआधी तुम्ही गेलात. त्यानंतर आज पहिल्यांदा पत्र लिहितोय, तेही लाज सोसवेना म्हणून. आई चुलीशी मिठाची पुरचुंडी गरम करतेय. दिल्लीच्या शर्यतीत लचकलेला माझा पाय शेकायला! आबा, माझ्या पायाला काहीही झालेलं नाही.

आठवतं का? मागावर चढवायचं सूत गल्लीभर ताणून तुम्ही त्याला खळ लावत असायचात आणि मी शाळेतून उधळत यायचो. मान वर न करता तुम्ही ओरडायचात, “वाक की रं! सुताला धक्का लागला तर तंगडं मोडीन!” मी पळता पळताच वाकायचो आणि खालून पलीकडे. पोरगं बरं पळतं, असं एकदा तरी म्हणायचं होतंत!

दिल्लीला शेजारच्या देशांचे खेळ भरले होते. अफगाणिस्तानचे उंचेपुरे गडी, सिलोनची चपळ पोरं आणि त्यांच्यात सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या कोष्ट्याचा मुलगा, अंगात हिंदुस्थानचा सदरा! निघालो त्या दिवशी सगळ्या गल्लीने माग थांबवले होते.

अर्ध्या मैलाची शर्यत. शेवटच्या वळणानंतर मी सगळ्यांच्या पुढे होतो. आपल्याकडे शर्यत चुन्याच्या रेघेवर संपते. पुण्याला निवडीच्या वेळी रुंद फीत होती. इथे मात्र त्यांनी पांढरं सूत ताणलं होतं, छातीच्या उंचीवर, अगदी आपल्या गल्लीतल्यासारखं. आणि मी वाकलो हो! पाय आखडले, मान खाली गेली. मी सुताखालून निघेपर्यंत शेजारच्या सिलोनच्या गड्याने ते छातीने तोडलं. पहिला तो आला.

लोक हसले. “काय झालं?” एका साहेबाने विचारलं. काय सांगू? सूत तोडायचं नाही, असं बापाने शिकवलंय? त्या कोट-टोप्यांपुढे मला तुमची लाज वाटली, आबा. आपल्या मागाची लाज वाटली. “पाय लचकला,” म्हणालो आणि लंगडू लागलो. त्या सिलोनच्या गड्याने, ज्याची भाषा मला कळत नव्हती, मला खांदा देऊन मैदानाबाहेर आणलं. तोडलेलं सूत त्याच्या सदऱ्याला तसंच चिकटलेलं होतं.

मग गाडीत लंगडलो, सोलापूर स्टेशनावर लंगडलो. हार घेऊन आलेले शेजारचे तुकारामकाका हार विसरून मला पाठीवर घ्यायला वाकले. तेव्हा तरी खरं बोलायला नको होतं का मी? तेव्हापासून आई धडधाकट पाय शेकतेय.

इथवर लिहिलं आणि आई आली. पुरचुंडी माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, “हितं दुखतंय का रं?” मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. तिने एवढंच विचारलं:

“सूत तू न्हाय तोडलंस न्हवं?”

“नाही.”

“मग आबाचं ऐकलंस की. लंगडलास कशाला? आमची लाज वाटली व्हय तुला?”

तिने पुरचुंडी उचलली आणि स्वतःच्या गुडघ्यावर धरली. तुम्ही गेल्यापासून तुमच्या मागावर तीच बसते. तिचे गुडघे दुखत असतील, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, आबा!

उद्या सकाळी गल्लीत सूत ताणायला सगळे जमतील, तेव्हा सगळ्यांदेखत खरं सांगेन. हसू देत. मग मागावर मी बसेन, आई नाही. आणि पुन्हा कधी धावायला मिळालं, तर छाती लावून ते सूत तोडीन. रागावू नका. तुटलेलं सांधून मगच मैदान सोडीन.

तुमचा, दोन्ही पायांनी धड असलेला,
महादू