पुसलेली खाच

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, कंपनीच्या मोठ्या बैठकीत, सगळ्यांसमोर माझ्या सुनेला खोटारडी ठरवण्यात आलं. वेळ तिनेच सांगितली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, कुठे बघावं कळेना म्हणून त्याच्याकडेच बघत बसले, म्हणाली.

ठरवणारा कोण? तर नंदीबैल! मी याच कंपनीत होते आणि तो माझ्या हाताखाली होता तेव्हा मी काहीही म्हटलं की मान डोलवायचा, म्हणून ते नाव मीच ठेवलं होतं. आता प्रमुख झालाय. अँटेना कुठल्या दिशेला किती जोरात बोलते याचा आलेख कसा वाचायचा, हे त्याला मी शिकवलं. आणि तो माझ्या सुनेला विचारतो, "हे आकडे सॉफ्टवेअरमधून आलेत की घरून?"

जीवरक्षक बोटीच्या अँटेनाचं काम तिच्याकडून काढून घेतलं. दीड वर्ष जीव ओतला होता तिने. रात्री जेवली नाही. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. मी नुसती धुमसतेय.

बुधवार, ५ मार्च

प्रकरण नीट मांडून ठेवते. नंदीबैलाविरुद्ध तक्रार करणार आहे, तिला उपयोगी पडेल.

सॉफ्टवेअर बोटीचं आणि अँटेनाचं चित्र लहान लहान त्रिकोणांच्या जाळीत कापतं, गणित करतं आणि शेवटी आकड्यांची फाइल देतं — एका अंशाला एक ओळ, पूर्ण गोलभर. सून त्यातले हवे ते रकाने उचलून आलेख काढते. रविवारी जेवणाच्या टेबलावर तेच चाललं होतं. आलेख छान गोल, फक्त मागे डावीकडे एक खाच. उंदराने कुरतडल्यासारखी.

मी म्हटलं, हा जाळीचा दोष. जाळी जाड ठेवलीस, गणित अडखळलं. ती म्हणाली, बारीक जाळीवर पुन्हा चालवून बघते, पण त्यात दिवस जाईल आणि आलेख तर उद्याच द्यायचाय.

"अगं, आम्ही हाताने आलेख काढायचो तेव्हा असल्या खाचा वक्रपट्टीने एका फटक्यात गुळगुळीत करायचो. आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी टाक आणि मोकळी हो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग टाकली.

त्यात काय चुकलं? अनुभव म्हणतात याला. नंदीबैलाने मूळ फाइल उघडून ओळीला ओळ लावून पाहिली म्हणे. एवढा कष्टाळू कधीपासून झाला?

गुरुवार, ६ मार्च

तक्रार पाठवली. थेट संचालकांना. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी घोटून घेतलेलं इंग्रजी आज कामी आलं. एकेक वाक्य टाचणीसारखं. सुनेला विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाली असती.

शनिवार, ८ मार्च

तक्रारीला पुरावा जोडावा म्हणून बसले. रविवारची प्रत घरच्या संगणकावर होती. जाळी बारीक केली आणि सकाळीच चालू करून दिलं. दिवसभर त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. संध्याकाळी फाइल काढली. आधी मीच गफलत केली — कोन डोक्यावरून मोजायचा की क्षितिजापासून, यात चुकले आणि आख्खा आलेख आडवा पडला. चष्मा पुसून पुन्हा काढला.

खाच गेली नाही. खोल झाली.

मग बोटीचं चित्र फिरवून फिरवून बघितलं. अँटेनाच्या शेजारी दिव्याचा लोखंडी खांब आहे. बरोबर त्याच दिशेला. जाळीचा दोष नाही, खांबाची सावली आहे ती. किनारा त्या बाजूला आला की बोटीवरची हाक किनाऱ्यापर्यंत पोचणार नाही. बुडणाऱ्यांना काढायला गेलेली माणसं असतील तिच्यात. आणि मी वक्रपट्टी फिरवून मोकळी झाले.

नंदीबैल बरोबर होता. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला.

रविवार, ९ मार्च

कुंड्यांना दोनदा पाणी घातलं.

सोमवार, १० मार्च

तक्रार फळाला आली. चौकशी बसली! आकडे बदलले का, कशासाठी बदलले, याचं उत्तर सुनेकडून मागवलंय. काम जाऊन आणि तोंडी बोलणी खाऊन मिटलं असतं, ते मी कागदावर चढवून दिलं. तिची बाजू घ्यायला गेले आणि तिच्याच गळ्यात धोंडा बांधून आले.

ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. सगळं सांगायचं ठरवून गेले. तोंडातून निघालं, चिमटे कमी पडतायत का? "नाही, आई," म्हणाली. परत आले. दुसऱ्याच्या चुका काढताना हीच जीभ कात्रीसारखी चालते.

मंगळवार, ११ मार्च

मुलाने आज दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर बसला. बैठकीत तिला विचारलं होतं म्हणे, हे तुला कुणी करायला सांगितलं का. ती म्हणाली, माझं मीच केलं.

"तिथे अजून तुझं नाव आदराने घेतात, ते तिला घालवायचं नव्हतं. आणि तू तक्रार ठोकून आलीस! आई, आता तरी बोल."

बोलते, म्हटलं. दिवस गेला, बोलले नाही. चौकशीला नंदीबैलही असणार, तिथे जायचं म्हणजे त्याच्यासमोर उभं राहायचं. तो काही बोलणार नाही, समजून घेतल्यासारखी मान डोलवेल. ते मला सोसणार नाही. सुनेची नोकरी एका बाजूला, माझा ताठा एका बाजूला, आणि तराजू माझ्या बाजूने झुकतोय. शी! लिहितानाही लाज वाटते. तरी उठले नाहीच.

बुधवार, १२ मार्च

सुनेचा मेल आलाय. शेजारच्या खोलीतून. सुरुवातीला 'आई' नाही.

"मॅडम, २ मार्च रोजी आलेखातील खाच कोणाच्या सांगण्यावरून काढण्यात आली, हे कृपया लेखी कळवावे. त्यानंतर मी माझे उत्तर चौकशी समितीकडे पाठवीन. आपले उत्तर उद्या दुपारी तीनच्या आत मिळावे."