घाटात लाल गाडी कोण चालवणार?

३ नोव्हेंबर

ठरली एकदाची! क्लबची सहल याच महिन्यात. म्हणजे ठरवली त्यांनी, आखायची मी. आमचे हे स्पोर्ट्स कारवाल्यांच्या क्लबचे अध्यक्ष. अध्यक्षांचं काम काय, तर जेवता जेवता हात वर करून म्हणायचं, "रस्ता असा हवा की डोळ्यांचं पारणं फिटलं पाहिजे." पारणं यांच्या डोळ्यांचं, आणि डोळ्यांत तेल घालून नकाशे बघायचे मी!

पण यंदा कुरकुर नाही. यंदा घाटात यांची लाल गाडी मी चालवणार. गेल्या सहलीत सगळ्यांसमोर शब्द दिलाय यांनी — "पुढच्या वर्षी घाट तुझा!" टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

आजवर मी काय चालवलं? टेम्पो. या गाड्यांच्या डिकीत एक टॉवेल आणि अर्धा बूट मावतो. त्यामुळे सगळ्यांच्या बॅगा, घडीच्या खुर्च्या, क्लबातल्या दंतवैद्यांची ती मानेखालची खास उशी — सगळं भाड्याच्या टेम्पोत, आणि टेम्पोवर मी. का, तर मला गाडी "छान येते". छान येते म्हणून टेम्पो. काय पण न्याय!

५ नोव्हेंबर

रस्ता बघून आले. सोबत वीट.

या गाड्यांची पोटं जमिनीला इतकी टेकलेली, की स्पीडब्रेकर दिसला की मालकाच्या पोटात गोळा. म्हणून माझी आपली साधी पद्धत. स्पीडब्रेकरशेजारी वीट कडेवर उभी करायची. स्पीडब्रेकर विटेपेक्षा उंच निघाला की रस्ता बाद. आज भर चौकात उकिडवी बसून हेच करत होते, तर एक म्हातारे गृहस्थ थांबले.

"बाई, रस्ता नवा करताय का?"

म्हटलं, "नाही हो, मोठ्या लोकांच्या गाड्यांची पोटं वाचवतेय."

"मग आमच्या पाठी कोण वाचवणार?" म्हणाले आणि काठी टेकत गेले.

दोन्ही नवे रस्ते विटेने नापास केले. उरला घाटाचा जुना रस्ता. दरवर्षी तोच उरतो. अरुंद, रहदारी नाही, वळणावर वळण. अध्यक्ष म्हणतील, पुन्हा तोच? म्हणू देत. मला तोच हवाय.

६ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगितलं, यंदा घाट मी चालवणार. "तो गाडी देतोय, की तू घेतेयस?" म्हणाल्या. म्हटलं, आई, त्यात काय फरक पडतो? "पडतो." आणि पुन्हा डोकं टीव्हीत.

८ नोव्हेंबर

क्लबची बैठक आमच्या हॉलमध्ये. कॉफी अर्थात माझी.

पिवळी गाडी, म्हणजे दंतवैद्य, यांचा प्रश्न — घाटातल्या झाडांवरून गाडीवर काही पडतं का? रंग नाजूक आहे म्हणे. म्हटलं, पक्ष्यांशी बोलून घेते. त्यांनी मान डोलावली! हिरवी गाडी, म्हणजे कंत्राटदार, यांना खड्ड्यांची काळजी. "हल्ली रस्ते बनवतं तरी कोण?" असं अगदी कळवळून विचारलं. हे गृहस्थ स्वतः रस्ते बनवतात. कुणी हसलं नाही. मी कॉफीचा ट्रे घेऊन आत पळाले आणि ओट्याला धरून हसून घेतलं.

मग अध्यक्षांनी क्रम वाचला. "पुढे मी, मग पिवळी, मग हिरवी, आणि शेवटी टेम्पो — ही." ही म्हणजे मी. एकाचीही पापणी लवली नाही. मी विचारलं, "घाट माझा होता ना?"

"हो हो. बघू ना."

या घरात "बघू" म्हणजे नाही. फक्त इस्त्री केलेलं.

१० नोव्हेंबर

आजचं कारण — क्लच. "ती गाडी फार हळवी आहे गं. जपून घ्यावं लागतं." लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याबद्दल असं कुणी बोललेलं आठवत नाही.

११ नोव्हेंबर

आजचं कारण — माझी उंची. सीट पुढे घ्यावी लागेल. पुन्हा मागे घ्यावी लागेल. केवढं हे संकट!

१३ नोव्हेंबर

आज मी सोडलंच नाही. क्लच सांगू नका, उंची सांगू नका, खरं काय ते बोला म्हटलं. बराच वेळ मोबाइलशी चाळा केला आणि मग म्हणाले, "अगं, मग टेम्पो कोण चालवणार?"

तर इथे घोडं पेंड खातंय! भाड्याने ड्रायव्हर घेऊ म्हटलं, तर दंतवैद्य बॅगा परक्याच्या हाती द्यायला तयार नाहीत. बरं, तुम्ही चालवा म्हटलं, तर त्यांची कंबर. कंत्राटदारांना फोन केला. "वहिनी, मला मोठ्या गाडीची सवय नाही हो." यांच्या दारात डंपर उभे असतात.

आणि यांना विचारलं, तुम्ही? "अध्यक्ष टेम्पोवर? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे हेच दोघं.

बाथरूममध्ये जाऊन रडले. बावन्न वर्षांची बाई गाडी चालवायला मिळत नाही म्हणून रडतेय. लाज वाटली, तरी रडलेच. मला ती गाडी त्या घाटात एकदा चालवायची आहे. बाकी काही नको. एवढं मागायला एवढं नाचायला का लागावं?

१४ नोव्हेंबर

सगळ्यांच्या बॅगा टेम्पोत चढवल्या. यांच्याशी अबोला. यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळ

घाटाच्या पायथ्याशी चहा घेताना लिहितेय.

इथवर टेम्पो मीच आणला. हे चहा सांगायला उतरले. लाल गाडीची चावी आतच. मी टेम्पोतून उतरले, सरळ जाऊन लाल गाडीत बसले आणि सीट पुढे घेतली. मागितली नाही, विचारलं नाही. हे कप घेऊन आले आणि तसेच उभे राहिले. "अगं, उतर." नाही म्हटलं. दंतवैद्य बघताहेत, कंत्राटदार बघताहेत. "सगळ्यांसमोर तमाशा नको," हळूच म्हणाले. मी म्हटलं, "शब्दही सगळ्यांसमोरच दिला होता."

काचेतून टेम्पोची चावी पुढे केली. अजून घेतलेली नाही. टेम्पोभोवती प्रदक्षिणा घालताहेत. घेतली! चढले! पहिल्याच दणक्यात बंद पाडला. निघते.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ

केला घाट! वळायचं नुसतं मनात आणलं की वळते ती. वर पोचले आणि एकटीच मोठ्याने ओरडले.

टेम्पो फार उशिरा आला. हे उतरले ते मान वळवून खाली बघतच. "अगं, खाली नदी आहे!" अहो, दरवर्षी इथूनच येतो, म्हटलं. तर म्हणाले, "त्या गाडीत एवढं खाली बसतो आम्ही, कठड्यापलीकडचं काही दिसतच नाही. नुसतं छान छान म्हणत होतो. तू एवढी राबतेस म्हणून."

खरंच की! मलाही घाटभर कठडाच दिसला. टेम्पोतून दरवर्षी दिसणाऱ्या नदीची आठवणसुद्धा झाली नाही.

मग बाकीचे दोघं ऐकणार नाहीत अशा बेताने जवळ आले. "परतीला टेम्पो मीच घेऊ का?" यांनी, आणि मला, परवानगी मागितली! पहिल्यांदाच.

दिली.