टॅबनं दुसरीत बसवलेली महादेवी

तीर्थरूप अण्णा,

तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच लिहितेय. आज शाळेत एक गोष्ट झाली. घरी येऊन यांना सांगितली, तर "छान" म्हणून पेपरात डोकं घातलं. तुम्ही असतात तर दोनदा सांगायला लावली असतीत!

आठवतं, आमच्या उमरग्याच्या शाळेत टॅब आले तेव्हा मी किती मिरवले होते? ज्याला जेवढं येतं, त्याप्रमाणं टॅब त्याला पुढचं गणित देतो, म्हणून एक तुम्हाला दाखवायला घरी घेऊन आले. तुम्ही जन्मभर फळ्यापुढं उभे राहिलेले गुरुजी. तो उलटसुलट करून बघितलात आणि एवढंच विचारलंत, "याला लेकराच्या घरची बोली येती का गं?" गणिताला कसली आलीय बोली, म्हणून मी तुम्हालाच उडवून लावलं. चुकलं माझं. पण तुम्ही तरी तेव्हा माझा कान का नाही धरलात? एरवी तर लगेच धरायचात!

माझ्या पाचवीच्या वर्गात महादेवी आहे. घरात सगळे कन्नड बोलतात, आई कडक भाकरी करून विकते. टॅबवर ही पोरगी दुसरीच्या गणितांवर अडकली ती दोन महिने हलेना. मीही टॅबचंच खरं मानलं. जादा तासाला तिला दुसरीच्या पोरांत बसवायचं ठरवलं आणि तसं सांगायला आईला बोलावलं. ती म्हणाली, "बाई, भाकरीचे गठ्ठे हीच बांधती. वीस-वीसचे. आजवर एकदा बी चुकली न्हाय."

अण्णा, मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी महादेवीशेजारी जाऊन बसले. टॅबवर चार ओळींचं शाब्दिक गणित, तेही पुस्तकी मराठीत. लहानपणी तुम्ही कन्नड शिकवायला बसलात की मी पळून जायचे. त्यातलं जे काही डोक्यात उरलंय, त्यावर ते गणित तिला विचारलं. शेवटचं "एष्टु?" म्हणजे किती, एवढंच काय ते धड जमलं. पोरगी आधी खुदकन हसली आणि उत्तर देऊन मोकळी झाली! पुढचंही बरोबर, त्याच्या पुढचंही.

टॅबला नावं ठेवत नाही हं मी. तो कधी कंटाळत नाही, कुणावर डाफरत नाही. लेकराला प्रश्नच समजला नाही, हे त्याला कुठून कळणार? ते मला कळायला हवं होतं.

तेव्हापासून टॅबवरचा प्रश्न आधी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये तिला सांगते, आणि आज महादेवी टॅबवर चौथीच्या गणितांना लागली. जादा तासालाही आता आपल्याच वर्गात, आपल्याच मैत्रिणींत बसते. तिच्या आईला निरोप धाडला, तर तिनं भाकऱ्या पाठवल्या. तुम्हाला आवडल्या असत्या.

तुम्हाला शब्द देते अण्णा, टॅब काहीही सांगो, कुठल्याही लेकराला खालच्या वर्गात बसवण्याआधी मी त्याच्या शेजारी जाऊन बसेन. आणि कन्नड शिकेन. या खेपेला पळणार नाही. मधल्या सुट्टीत महादेवी शिकवते. काल तिनं माझी परीक्षा घेतली आणि मला पहिलीत बसवलंय.

तुमची लेक,
नंदा