एक ओळ जास्त

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी काय बोलते ते मुंगी दाराआडून ऐकते, आणि हे तिच्या कानावर जायला नको. आधी बस, मग वाच.

मुंगीला डाव्या डोळ्याने दिसत नाही. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं दिसतं, त्याखालचं काही नाही. दवाखान्यातला जुना तक्ता पिवळा पडला होता म्हणून सोमवारी नवीन लावला. बाईसाहेब शाळेतून येऊन नेहमीसारख्या कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. गंमत म्हणून तिलाच पहिली पेशंट केलं. उजवा डोळा झाकल्यावर ती जरा थांबली आणि घडाघडा वाचू लागली, पण जुना तक्ता! भिंतीवर नसलेली अक्षरं, थेट शेवटच्या ओळीपर्यंत. मला वाटलं चेष्टा करते आहे. मी रागावलेसुद्धा.

पाच वर्षं त्या बाकावर बसून ती पेशंटांचं वाचन ऐकते आहे, पाठ होणारच. दर वाढदिवसाला मी तिला वाचायला लावायचे, ती वाचायची, माझं समाधान व्हायचं. थेंब घालून नंबर काढायचा म्हटलं की भोकाड पसरायची. सगळं वाचते आहे ना, मग कशाला छळायचं, म्हणून मी तो नाद सोडला. आता थेंब घातले तर डाव्या डोळ्याला भला मोठा नंबर निघाला, उजवा ठणठणीत. चष्म्याविना धूसरच दिसत राहिलं आणि मेंदूने त्या डोळ्याकडे लक्ष देणंच बंद केलं. आळशी डोळा म्हणतात तो हाच. रोज मी आयांना बजावते की सात वर्षांच्या आत आणा, पुढे फारसं हाती लागत नाही. माझी स्वतःची नऊ वर्षांची झाली, दादा.

आधी का नाही सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली की सगळ्यांचाच एक डोळा बघायला असतो आणि दुसरा नुसता सोबतीला, असं तिला वाटत होतं.

रागाव हवं तर, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ठमी

११ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुला शिव्या घालायला बसलो होतो, पण त्यातल्या निम्म्या मलाच लागू पडतात. सुट्टीत मुंगी इथे होती तेव्हा पेल्यात पाणी ओतताना हमखास बाहेर सांडायची. मी, इतक्या वर्षांचा मुलांचा डॉक्टर, तिला धांदरट म्हणून हसलो. तुझी वहिनी म्हणाली होती की पोरीचे डोळे दाखवून घ्या. मी म्हणालो की डोळ्यांच्या डॉक्टरणीच्या घरात राहते ती. विषय तिथेच संपला.

माझ्याकडे दम्याच्या मुलांमध्ये एका डॉक्टरांचा मुलगा आहे. पंपाची सवय लागेल म्हणून हे गृहस्थ पंप कपाटात ठेवतात आणि पोराला खोकल्याचं गोड औषध पाजतात. परक्याच्या पोराच्या बाबतीत हाच माणूस पंप कसा ओढायचा ते चोख शिकवत असेल. पोटचं पोर समोर आलं की आपली सगळ्यांची अक्कल गहाण पडते.

तेव्हा एक ऐक. तिचे उपचार तू करू नकोस. तुझ्या सरांकडे ने. ज्यांच्या हाताखाली शिकलीस त्यांच्यासमोर मान खाली गेली तर गेली.

मुंगीला पापा. तुलाही, लायकी नसताना.

दादा

२४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, त्याबद्दल आधीच कान पकडते. घाण मी केली, निस्तरायलाही मीच हवी असं वाटलं. चष्मा दिला आणि उजव्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी, म्हणजे डाव्याला कामाला लागणं भाग पडेल. सुरुवातीला फार हाल झाले. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, फळ्यावरचं दिसेना, वर्गातल्या मुली काणी म्हणून हाक मारू लागल्या. एके दिवशी तिने पट्टी उपटून माझ्या अंगावर फेकली. तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण मी तिच्याहून मोठ्याने रडले. तेव्हापासून मात्र शहाण्यासारखी लावून घेते, हूं की चूं करत नाही.

आणि आता बातमी. दर रविवारी मी तिला नवा तक्ता देते, सगळे कुलपात असतात, पाठांतराची सोयच ठेवलेली नाही. जुलैअखेर दुसरी ओळ आली, मग तिसरी, आणि काल चौथी! इतक्या उशिरा इतकं सुधारलेलं मी फार थोडं पाहिलं आहे. दमेवाल्यांनी आता डोळेवाल्यांची शिकवणी लावावी.

अशीच माया ठेव, उपदेश थोडा कमी कर.

ठमी

२ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

वाचून आनंद झाला. वहिनीने तर शेजारी सांगूनही टाकलं. पण मन खातं आहे, म्हणून लिहितो.

मुलाला धाप लागते का हे विचारताना मी आईला खोलीबाहेर बसवतो. आया दुखावतात, पण माझा इलाज नाही. आई समोर असली की पोरं तिच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. परवा एका मुलीने आईसमोर आता छान वाटतं म्हणून सांगितलं, आणि छातीला नळी लावली तर आत नुसती शिट्टी वाजत होती. खोटं बोलत नसतात गं, आईला सांभाळत असतात.

चौथी ओळ खरी असेल तर सरांपुढेही ती खरीच राहील. एकदा ने. आणि तू बाहेर बस.

पत्राने राग आला तर तो माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

दादा

१९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी बाहेर बसले. अर्धा तास बसले असेन. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या एका मुलाच्या आईने विचारलं की तुमच्या मुलीला काय झालं आहे, आणि मी उलट तिच्याच मुलाची चौकशी करू लागले.

आत काय झालं ते सरांनी नंतर सांगितलं. पट्टी त्यांनी स्वतः चिकटवली, नाकाजवळची कड बोटाने दाबून. त्यानंतर मुंगीने फक्त वरचं अक्षर वाचलं. जूनमध्ये होतं तेच. चौथी नाही, तिसरी नाही, दुसरीसुद्धा नाही. नाकाजवळची कड ती हळूच सैल करायची आणि फटीतून चांगल्या डोळ्याने बघायची. घरी, शाळेत, रविवारी माझ्यासमोर. ती कड बघा म्हणून प्रत्येक आईला मी सांगते, आणि माझं लक्ष सगळं तक्त्यावर. म्हणजे तीन महिने उपचार झालेच नाहीत.

आता सर चांगल्या डोळ्यात थेंब घालणार आहेत. तो धूसर झाला की डाव्याला थोडंफार काम करावं लागेल. थोडं येईल, किंवा नाहीही येणार, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. यापुढे तपासणी तेच करतील.

शाळेत कड का सैल केलीस, याला तिच्याकडे सरळ उत्तर होतं, फळा दिसत नव्हता. पण आईसमोर रविवारी का, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली की वरचंच अक्षर वाचलं की आई त्या दिवशी जेवत नाही. एक ओळ जास्त वाचली की जेवते.

आज जेवताना ती माझ्या ताटाकडे बघत होती. मी सगळं ताट संपवलं.

तू ये. लोभ आहेच, पण या वेळी तूच ये.

ठमी