नाजूक कपड्यांची टोपली

दि. ६ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मला फोनवर काही नीट सांगता येत नाही, म्हणून पुन्हा कागदच पुढे ओढला. आम्ही सगळे बरे आहोत. लॉन्ड्री जोरात चालली आहे. वाफेची नवी इस्त्री आली, तिचं ह्यांना इतकं कौतुक की गिऱ्हाइकाला कपडे देण्याआधी इस्त्री दाखवतात.

काळजी आहे ती भिंगरीची. सोळावं लागलं तिला आणि काय बिनसलंय ते कळत नाही. सकाळी उठते तीच कपाळाला आठ्या घालून. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणते, आणि पुन्हा विचारलं तर दार आपटतं. मागच्या महिन्यात काउंटरवर एका बाईंचा कोट द्यायला गेली आणि कोट हातात धरूनच रडायला लागली. त्या बिचाऱ्या घाबरल्या. त्यांना वाटलं, कोट जळला.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलंय की पोरीला जपायचं. तिला खालच्या लॉन्ड्रीतल्या कामातून पूर्ण मोकळं केलं. काउंटरला एक मदतनीस बाई ठेवल्या. पायांचा आवाज नको म्हणून हे घरात मोजे घालून फिरतात. बारक्याला बहिणीसमोर शिट्टी वाजवायची बंदी आहे, तर तो ओठांचा चंबू करून नुसताच हवा सोडत बसतो, बघवत नाही ग. तिला कोणी काम सांगत नाही, कोणी काही मागत नाही, बोलायचं ते आम्ही हळू आवाजात बोलतो. तरी पोर दिवसेंदिवस मिटतच चालली आहे.

तू कपडेपट सांभाळता सांभाळता त्या नाटकवाल्यांचे रुसवेफुगवे काढण्यात हयात घालवलीस. काहीतरी सुचव. मला तर आता तिच्या खोलीवर टकटक करायचीही भीती वाटते. स्वतःच्या मुलीची भीती वाटते हे लिहितानासुद्धा कसंतरी होतंय.

उत्तर लवकर धाड. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी


दि. ९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ह्या पत्राबद्दल आईला कळवू नकोस. तुझ्या सगळ्यात मोठ्या कात्रीची शपथ.

मी तुझ्याकडे राहायला येऊ का? कायमची. परीक्षा झाली की लगेच. तुमच्या गावात शाळा आहे हे मी बघून ठेवलंय. मी तुला काज-बटणं करून देईन आणि जास्त जागा घेणार नाही.

इथे माझं कोणालाच काही पडलेलं नाही. म्हणजे तसं सगळे फार गोड वागतात, पण ते मला बघवत नाही. आमच्याकडे एक वेगळी टोपली असते ना, नाजूक कपड्यांची, ज्यांना कोणी घाईत हात लावत नाही, मला त्या टोपलीत टाकलंय. मी खोलीत आले की आई-बाबांचं बोलणं थांबतं. पहिल्यांदा वाटलं कोणालातरी मोठा आजार झालाय आणि मला सांगत नाहीत. मग लक्षात आलं, आजार म्हणजे मीच.

मी एकदा काउंटरवर रडले. का रडले ते मलाही माहीत नाही. त्या दिवशी वर्गातल्या मैत्रिणीने माझी जागा दुसरीला दिली होती, पण ते काही रडण्याएवढं नव्हतं. रात्री उशिरापर्यंत फोन बघत जागी होते आणि दुपारचं जेवले नव्हते. तो कोट खूप जड होता. बस, रडू आलं. दुसऱ्या दिवशी खाली गेले तर माझ्या जागेवर एक बाई उभ्या. आई म्हणाली की तू वर जाऊन आराम कर. मावशी, मी दहा वर्षांची असल्यापासून त्या काउंटरवर उभी राहते. कुठल्या गिऱ्हाइकाला कडक कॉलर लागते आणि कोणाला अजिबात नको, ते मला बाबांपेक्षा जास्त पाठ आहे. एकदा रडले तर मला काढूनच टाकलं. माझी लाज वाटत असणार त्यांना.

आता मूड सारखाच खराब असतो. कधी कशावरून, कधी कशावरूनच नाही. मग मी कोणाला तरी टाकून बोलते, मग त्याचं वाईट वाटतं, मग आणखी खराब होतो. यातून बाहेर कसं पडायचं ते माहीत असेल तर लिही, नाहीतर नुसतं ये म्हणून लिही.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
भिंगरी


दि. १४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ये. पहिलं उत्तर ते. मुकुटांच्या पेटीशेजारी एक पलंग बसतो, रात्री उठलीस तर एखाद्या राजाच्या तलवारीवर पाय पडेल एवढंच. तुझं गुपित माझ्या पोटात राहील. काज-बटणांचं मात्र जपून बोल, माझ्याकडे ढीग पडलाय.

आता मूडविषयी. मी काही डॉक्टर नाही. पण माझ्याकडे रोज संध्याकाळी वीस माणसं कपडे चढवायला येतात आणि त्यातल्या निम्म्यांचं काहीतरी बिनसलेलं असतं. मी आधी विचारते की जेवलास का, झोपलास का. आमचा सेनापती परवा सगळ्यांवर ओरडत होता, त्याला दोन बिस्किटं आणि चहा दिला तर पाघळला. तू स्वतःच लिहिलंयस की जागरण होतं, पोट रिकामं होतं, आणि त्यात मैत्रिणीने जागा दिली नाही. एवढं एकावर एक रचल्यावर कोट जड लागणारच. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवत जा. संध्याकाळी पाय मोकळे करून ये, नकोसं वाटेल तेव्हा तर नक्कीच जा.

काही मूड तरीही येतील. तुझ्या वयात अंगात आणि डोक्यात इतकी उलथापालथ चालू असते की कारण शोधत बसण्यात अर्थ नसतो. ते जातात. फक्त ते असताना दार आपटून दाखवण्यापेक्षा तोंडाने सांगावं की आज माझं डोकं ठिकाणावर नाही. हे सांगायला फार जड जातं, मला साठाव्या वर्षीही जातं. आणि एक गंभीरपणे सांगते. आठवडेच्या आठवडे कशातच गोडी वाटली नाही, अन्न गोड लागलं नाही, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर त्याच क्षणी आईला आणि डॉक्टरला सांगायचं. आमची नायिका अशीच डॉक्टरकडे गेली होती, आता बरी आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त भांडते.

इकडे येण्याला माझी एकच अट आहे. निघण्याआधी आईला सरळ विचार की मला काउंटरवरून का काढलंस. भरल्या पोटी विचार. उत्तर ऐकून घे, मग ये किंवा येऊ नकोस. न विचारता आलीस तर दार उघडीन, पण चहा देणार नाही.

लाडकी होतीस, आहेस, आणि हा लोभ तुझ्या आठ्यांना पुरून उरेल.
तुझी,
मावशी


दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या यजमानांना सांग, मोजे काढा, फरशीवर घसरून कंबर मोडली तर लॉन्ड्रीतली इस्त्री कंबर सरळ करणार नाही. बारक्याला शिट्टी वाजवू दे. त्या पोराने काय पाप केलंय?

तुमच्या जपण्याचा मला राग आलाय. माया आहे, कळतं मला, पण घरातली चालतीबोलती मुलगी तुम्ही कपाटात ठेवून दिलीत. तिच्याशी भांड. पूर्वी भांडायचीस तशी, चादरीच्या घडीवरून, ओल्या टॉवेलवरून, कशावरूनही. मी तुमच्याकडे पाहुणी म्हणून आले असताना तुम्ही दोघी भांडायला लागलात की माझ्या न ऐकू येणाऱ्या कानांनाही ऐकू यायचं, तेवढ्या आवाजात. तिने काही विचारलं तर गोड बोलून वेळ मारून नेऊ नकोस, खरं ते सांग. टकटक करायला भिऊ नकोस. आतून ओरडली तर बरंच आहे, आवाज तरी ऐकशील.

याहून जास्त काही लिहिता येत नाही, का ते विचारू नकोस.

राग आज रात्रीपुरता, लोभ कायमचा.
तुझी,
ताई


दि. २७ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी भांडायचा सराव केला. तुला हसू येईल, पण ठरवून भांडण होत नाही. मी तिला ओल्या टॉवेलवरून बोलायला गेले आणि मध्येच म्हणाले की राहू दे बाळ, मीच वाळत घालते. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग परवा खरंच झालं. हॉटेलच्या पांढऱ्या टेबलक्लॉथचा आख्खा घाणा गुलाबी होऊन बाहेर आला. मदतनीस बाईंच्या हातून घाईत एक लाल रुमाल आत गेला होता. संध्याकाळी हॉटेलात समारंभ. मी डोक्याला हात लावून बसले. भिंगरी जिन्यात उभी होती, म्हणाली की मी असते तर दिसला असता रुमाल. ताई, माझा तोल गेला. मी ओरडले की मग वर काय बसून राहिलीस, खाली यायला हात धरून आणायचं का तुला? तर ती माझ्यावर दुप्पट ओरडली की तूच मला काढलंस. मी एकदा रडले तर तुला माझी लाज वाटली. का काढलंस ते आत्ता सांग.

लाज? मी तिला सांगितलं की तुला विश्रांती मिळावी म्हणून, तू दमलीस असं वाटलं म्हणून. ती म्हणाली की मला विचारलंस का? आणि ते खरंच आहे ग. आम्ही तिच्याबद्दल सगळं बोललो, तिच्याशी काहीच बोललो नाही. मग ती रडली, मग मी रडले. हे धावत आले आणि काय करावं न सुचून दोघींच्या हातात एकेक स्वच्छ टॉवेल दिला.

रडून झाल्यावर तिने बाह्या सरसावल्या. कुठला रंग किती वेळ भिजवला तर निघेल ते तिला पाठ आहे. दुपारभर आम्ही दोघी वाफेत उभ्या होतो. ती ह्यांना ओरडून सूचना देत होती आणि हे आनंदाने ऐकत होते. टेबलक्लॉथ गेले वेळेवर. एकाच्या कोपऱ्यात थोडा गुलाबी रंग राहिला, तो ह्यांनी खाली घडीत घातला. मदतनीस बाई राहणार आहेत, पण शनिवार-रविवार काउंटर भिंगरीचं. दार अजूनही आपटतं अधूनमधून. आता मी जाऊन टकटक करते.

तुला आधीच काहीतरी माहीत होतं असा माझा संशय आहे. विचारत नाही.

तुझ्या रागाची आणि लोभाची, दोन्हींची गरज असलेली,
धाकटी


दि. १९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अट पुरी केली. भरल्या पोटी मात्र नाही विचारलं, तेवढं चुकलं. सुट्टीत आठ दिवस येते, आईला सांगून, आणि मग परत जाणार आहे. काज-बटणं आठ दिवसांत होतील तेवढी.

मूड काही पळून गेला नाही. मागच्या मंगळवारी शाळेतून आले ती पुन्हा तशीच. जेवले होते, झोपले होते, मैत्रिणीशीही बरं चाललंय, तरी आला. मी आईला सांगितलं की आज माझं डोकं ठिकाणावर नाही. जड गेलं, पण सांगितलं. मला वाटलं ती आता पुन्हा हळू आवाजात बोलणार. ती म्हणाली की बरं, अर्धा तास मागे बस, मग शर्टांच्या घड्या घालायला ये. मी बसले, मग गेले. घड्या घालता घालता केव्हातरी बरं वाटायला लागलं, केव्हा ते लक्षात आलं नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. शनिवारी दुपारी खूप गर्दी होती. आई सकाळपासून गप्प होती, बाबांना दोनदा उगाच बोलली. मग काउंटरमागे माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली की आज माझंच डोकं ठिकाणावर नाही ग, कारण काही नाही, नुसतं रडू येतंय. तू बाहेरचं बघशील का? माझ्या आईला असं होतं हे मला माहीतच नव्हतं. तिने कधी कोणाला सांगितलंच नसेल. मी तिला वर पाठवलं, दूध-पाव खाऊन झोप म्हणाले, आणि दिवे लागेपर्यंत एकटीने काउंटर सांभाळलं. आई वर झोपली होती आणि खाली मी होते. मावशी, तिला बरं नव्हतं आणि मला मात्र कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं छान वाटत होतं.

माझ्यावर आहे तेवढाच लोभ आईवरही ठेव, तिलाही लागतो.
तुझी,
भिंगरी